फुगवट्यातल्या बोटीवर यंत्रांचं नेटवर्क: आधी वीज, मग डेटा

सरदार सरोवराची पूर्ण संचय पातळी १३८.६८ मीटर आणि किमान पातळी ११०.६४ मीटर. म्हणजे वर्षभरात पाणी अठ्ठावीस मीटरपर्यंत वरखाली होऊ शकतं. पावसाळा संपताना बोट जिथून सरळ जाते, तिथे उन्हाळ्यात टेकडीचा माथा उघडा पडलेला असू शकतो. त्याच्या आधीचे काही आठवडे तोच माथा पाण्याखाली हातभर अंतरावर दबा धरून असतो. अक्राणी-अक्कलकुव्याचा नर्मदाकाठ, नंदुरबार जिल्ह्यात शिरलेला उकाईचा फुगवटा आणि तापीवरचं हतनूर इथे खोलीमापक, जीपीएस आणि इंजिनाची माहिती एका पडद्यावर हवी असते ती यासाठीच.

ही यंत्रं एकमेकांशी जोडण्याची आज सगळीकडे चालणारी पद्धत म्हणजे एनएमईए २०००. वेगवेगळ्या कंपन्यांची यंत्रं एकाच केबलवर बोलतात. तिच्या मुळाशी गाड्यांमधली कॅन बस, म्हणजे एकाच तारांच्या जोडीवर अनेक यंत्रांनी बोलायची पद्धत आहे आणि वेग सेकंदाला २५० किलोबिट. जोडणी अवघड नाही, पण नेटवर्कचा म्हणून जो बिघाड सांगितला जातो तो बहुतेक वेळा विजेचा निघतो: बारीक वायर, सैल लग (वायरीच्या टोकाला चेपून बसवायचा धातूचा जोड), चुकीच्या जागी फ्यूज. म्हणून या लेखातला क्रम बॅटरीपासून सुरू होतो. मरीन इलेक्ट्रॉनिक्सचा मेकॅनिक धडगाव किंवा मोलगीला मिळणार नाही, तेव्हा बसवाल ते साध्या मल्टिमीटरने स्वतः तपासता आलं पाहिजे.

उदाहरणासाठी ८ मीटर लांबीची फायबरची बोट धरली आहे. मागे ४० ते ६० अश्वशक्तीचं आउटबोर्ड इंजिन, १२ व्होल्टची वीज, स्टिअरिंग पुढच्या भागात आणि बॅटरी मागे पेटीत. तुमची बोट वेगळी असेल तर आकडे बदलतील, क्रम हाच राहील.

आधी कागदावर

बोट वरून दिसते तशी कागदावर काढा आणि प्रत्येक यंत्राची जागा मांडा. आपल्या उदाहरणात पाच यंत्रं आहेत. सोनार आतच असलेला ९ इंची चार्टप्लॉटर (नकाशावर बोटीची जागा दाखवणारा पडदा), जीपीएस आणि दिशा सांगणारा सेन्सर, खोलीचा आकडा मोठा दाखवणारा छोटा डिस्प्ले ही तीन स्टिअरिंगजवळ. इंजिनाची माहिती नेटवर्कवर आणणारा गेटवे आणि बॅटरी मॉनिटर ही दोन मागे.

यांतल्या प्लॉटरला चालायची वीज नेटवर्कमधून मिळत नाही. त्याची स्वतःची पॉवर केबल असते, तिला फ्यूजच्या पॅनेलवर वेगळा फ्यूज लागतो. नेटवर्कची केबल त्याच्याकडे डेटा नेते. बाकीची चार छोटी यंत्रं मात्र नेटवर्कच्या केबलमधूनच वीज घेतात. हा फरक कागदावर दोन रंगांत दाखवा, पुढची बरीच गल्लत टळते.

प्रत्येक यंत्राच्या माहितीपुस्तिकेत 'एलईएन' नावाचा आकडा असतो. १ एलईएन म्हणजे नेटवर्कवरून घेतले जाणारे ५० मिलिअँपिअर. प्लॉटर २ (त्याचा नेटवर्कशी बोलणारा भागच तेवढी घेतो), जीपीएस सेन्सर ३, डिस्प्ले ४, गेटवे २, बॅटरी मॉनिटर २ असे धरले तर बेरीज १३, म्हणजे ०.६५ अँपिअर. तुमच्या यंत्रांचे आकडे पुस्तिकेतून घ्या आणि बेरीज कागदाच्या कोपऱ्यात लिहून ठेवा.

बॅटरी: स्टार्टची वेगळी, यंत्रांची वेगळी

सेल मारताना स्टार्टर मोटर एवढा करंट ओढते की बॅटरीचा दाब क्षणभर ९-१० व्होल्टपर्यंत खाली येतो. एनएमईए २००० ची यंत्रं ९ ते १६ व्होल्टवर चालतात. बॅटरी जुनी असेल तर दाब ९ च्याही खाली जातो, प्लॉटर बंद होऊन पुन्हा सुरू होतो, आणि तोवर बोट प्रवाहात आडवी झालेली असते. त्यामुळे यंत्रांसाठी १०० अँपिअर-तासाची वेगळी बॅटरी ठेवावी, असं आमचं ठाम मत आहे.

ती किती पुरेल याचा हिशेब सोपा आहे. प्लॉटर २ अँपिअर, नेटवर्क ०.६५, मोबाइल चार्जिंग आणि एलईडी दिवे मिळून अडीच, असे सरासरी ५ अँपिअर धरा. आठ तासांत ४० अँपिअर-तास. लेड-ॲसिड बॅटरी निम्म्याखाली वारंवार उतरवली की तिचं आयुष्य झपाट्याने घटतं, म्हणून १०० तल्या ५० च आपल्या. दिवस निघतो, पण रात्री चार्जिंग हवंच. छतावर १०० वॉटचं सोलर पॅनेल बसवलं तर खानदेशातल्या चांगल्या उन्हात दिवसाला साधारण ३० अँपिअर-तास परत मिळतात.

दोन बॅटऱ्या इंजिनावरून चार्ज करायला व्हीएसआर, म्हणजे दाबावर चालणारा रिले वापरतात. दाब साधारण १३.३ व्होल्टवर गेला की तो दोन्ही बॅटऱ्या जोडतो, १२.८ च्या आसपास उतरला की तोडतो. लेड-ॲसिडसाठी हे उत्तम. लिथियम फॉस्फेट बॅटरी घेणार असाल तर व्हीएसआर नको. तिचा दाब काही न करताही १३.२-१३.३ व्होल्टवर टिकून असतो, त्यामुळे रिले जोडलेलाच राहू शकतो. तिथे डीसी ते डीसी चार्जर लावा. तो आउटबोर्डच्या छोट्या चार्जिंग कॉइलवर पडणारा ताणही मर्यादेत ठेवतो.

घरच्या इन्व्हर्टरची ट्युब्युलर बॅटरी बोटीवर आणायचा मोह होतो. ती फार जड असते आणि बोट कलली की तिच्या झाकणातून ॲसिड सांडतं. सीलबंद डीप सायकल बॅटरी घ्या, ती पट्ट्याने पेटीत आवळा आणि पेटीला हवा जाऊ द्या.

वायरची जाडी आणि फ्यूज

बॅटरीच्या धन टोकापासून १८ सेंटिमीटरच्या आत मुख्य फ्यूज हवा. फ्यूज वायरला वाचवतो, यंत्राला नव्हे. तो पुढे पॅनेलमध्ये बसवला तर बॅटरी आणि पॅनेलमधली सहा मीटर वायर उघडी राहते. ती कुठे घासून शॉर्ट झाली तर पेट घेईल आणि फ्यूज शाबूत राहील.

आता जाडी. दुकानात लोक सवयीने 'अडीचची' वायर मागतात. २.५ चौरस मिलिमीटर तांब्याच्या वायरचा रोध मीटरला सुमारे ०.००७४ ओहम असतो. बॅटरीपासून पॅनेल ६ मीटर, जाऊन-येऊन १२ मीटर. १० अँपिअर धरले तर १२ × ०.००७४ × १० = ०.८९ व्होल्ट वाटेतच गेले, म्हणजे सात टक्क्यांहून जास्त. दिशादर्शक यंत्रांसाठी तीन टक्क्यांपेक्षा जास्त घट चालत नाही. आता ६ चौरस मिलिमीटरची वायर घ्या. रोध मीटरला सुमारे ०.००३१, घट ०.३७ व्होल्ट, तीन टक्के. म्हणून बॅटरी ते पॅनेल ही मुख्य जोडी ६ ची, तिच्या मुळाशी २० अँपिअरचा फ्यूज. पॅनेलपासून प्लॉटरपर्यंत एक-दीड मीटरच असतं, तिथे अडीचची पुरते. खर्च वाचवायचा असेल तर पडद्याचा आकार कमी करा, मुख्य वायरीची जाडी कमी करू नका.

वायर अनेक बारीक तारांची लवचिक हवी, शक्यतो कथिलाचा मुलामा दिलेली. जळगाव-धुळ्यात मुलाम्याची केबल सहज मिळाली नाही तर ऑनलाइन मागवा. घराच्या भिंतीत टाकतात ती एकेरी जाड तारेची वायर बोटीवर वापरू नका, इंजिनाच्या थरथरीने ती लगच्या तोंडाशी तुटते. गोड्या पाण्यात समुद्रासारखं गंजत नाही हे खरं, पण पावसाळ्यातला दमटपणा उघड्या तांब्याला हिरवं करायला पुरेसा असतो.

लग बसवताना वायर लगच्या नळीएवढीच सोला, एकही तार बाहेर राहू देऊ नका. रॅचेटच्या क्रिंपिंग टूलने दाबा. साध्या पक्कडीने चेपलेला लग वरून घट्ट वाटतो आणि आत पोकळ राहतो. दाबल्यावर वायर जोरात ओढून बघा. नंतर आतून गोंद असलेली हीट श्रिंक नळी चढवा आणि दोन्ही टोकांतून गोंदाची बारीक कड बाहेर दिसेपर्यंत तापवा. ती कड दिसली नाही तर पाणी आत जाणार असं समजा. नुसती डाग देऊन केलेली जोडणी नको: डाग संपतो तिथे वायर ताठर होते आणि नेमकी तिथेच मोडते. पिळून टेप गुंडाळलेला सांधा तर बोटीवर एकही नको.

पॅनेलवर प्रत्येक वाटेला वेगळा फ्यूज: नेटवर्कला ३ अँपिअर, प्लॉटरला पुस्तिकेत दिला असेल तो, चार्जिंग आणि दिव्यांना ५-५. सगळ्या ऋण वायरी एकाच बसबारवर, म्हणजे धातूच्या पट्टीवर आणा. बॅटरी मॉनिटरचा शंट, म्हणजे करंट मोजायचा छोटा रोध, बॅटरीचं ऋण टोक आणि हा बसबार यांच्यामध्ये बसतो. शंट चुकवून थेट बॅटरीच्या ऋण टोकाला जोडलेली वायर मॉनिटरला दिसत नाही आणि उरलेल्या चार्जचा आकडा चुकतो. पत्र्याची बोट असेल तर पत्रा ऋण वायर म्हणून वापरू नका.

तळातलं पाणी उपसणारा पंप या सगळ्यातून वगळा. त्याची वायर मुख्य स्विचच्या आधी, स्वतःच्या फ्यूजमधून आणि तरंगत्या स्विचमधून थेट पंपाकडे जाते. बोट बांधून सगळे घरी गेले तरी पंप चालला पाहिजे. त्याचा छोटासा खर्चही मॉनिटरला दिसावा म्हणून त्याची ऋण वायर मात्र शंटच्या बसबारवरच न्या.

नेटवर्कचा कणा

एनएमईए २००० ची रचना झाडासारखी आहे: एक सरळ खोड आणि त्याला छोट्या फांद्या. खोडाला बॅकबोन म्हणतात, फांदीला ड्रॉप. प्रत्येक यंत्र टी जोडाने बॅकबोनवर येतं. यंत्राला यंत्र जोडत पुढे जायचं नाही आणि चार केबली एका ठिकाणी पिळायच्या नाहीत. बॅकबोनच्या दोन्ही टोकांना प्रत्येकी एक टर्मिनेटर, म्हणजे १२० ओहमचा रोध. दोनच, कमी नाही आणि जास्तही नाही. एक ड्रॉप ६ मीटरपर्यंत चालतो, सगळे ड्रॉप मिळून ७८ मीटर, बारीक केबलचा बॅकबोन १०० मीटर, यंत्रं पन्नास. आठ मीटरच्या बोटीत या मर्यादा लागत नाहीत.

सामान असं: पाच यंत्रांना पाच टी, विजेसाठी एक, असे सहा टी आणि एक जास्तीचा. टर्मिनेटर एक नर, एक मादी. ६ मीटरची एक बॅकबोन केबल. एक पॉवर केबल. अर्धा ते दोन मीटरचे पाच ड्रॉप.

स्टिअरिंगखाली चार टी एकमेकांत थेट फिरवून बसवा: प्लॉटर, डिस्प्ले, जीपीएस आणि वीज. या रांगेच्या पुढच्या तोंडाला टर्मिनेटर. मागच्या तोंडातून ६ मीटरची केबल बोटीच्या कडेने मागे जाते, तिथे दोन टी आणि शेवटी दुसरा टर्मिनेटर. नट हातानेच आवळा. पक्कड लावली की प्लॅस्टिकला तडा जातो आणि तो दिसतही नाही. आतल्या रबरी रिंगला किंचित सिलिकॉन ग्रीस लावा. सगळी रांग लाकडी फळीवर स्क्रूने पक्की करा. टी हवेत लोंबकळत ठेवले तर वजन पिनांवर येतं.

केबलमध्ये पाच वायरी असतात. लाल धन, काळी ऋण, पांढरी आणि निळी डेटाची जोडी, आणि उघडी तार म्हणजे शील्ड. पॉवर केबलची लाल ३ अँपिअरच्या फ्यूजमधून येते, काळी बसबारवर जाते, आणि शील्डही तिथेच काळीबरोबर. शील्ड फक्त या एकाच जागी जोडायची. दुसऱ्या टोकालाही जोडली तर तिच्यातून करंट वाहू लागतो आणि ती गोंगाट अडवण्याऐवजी आणते.

वीजही एकाच ठिकाणाहून द्या. काही इंजिनांच्या हार्नेसमधून नेटवर्कला वीज येण्याची सोय असते, ती वापरात असेल तर दोन पुरवठे समोरासमोर येतात. इंजिनाच्या बाजूची लाल वाट तोडणारा जोड वापरा. तसंच नेटवर्क इंजिनाच्या चावीवर टांगू नका. इंजिन बंद पडून बोट वाहत असते तेव्हाच जीपीएस आणि खोली सर्वांत जास्त लागतात.

केबलमधली घट इथेही मोजून बघा. बारीक बॅकबोनच्या प्रत्येक वायरचा रोध मीटरला सुमारे ०.०५७ ओहम. मागच्या दोन यंत्रांचे ४ एलईएन म्हणजे ०.२ अँपिअर. २ × ६ × ०.०५७ × ०.२ = ०.१४ व्होल्ट. काहीच नाही. पण लांब लाँचवर १० मीटरच्या टोकाला २० एलईएन असतील तर तीच घट १.१४ व्होल्ट होते आणि १.५ व्होल्टची मर्यादा जवळ येते. तिथे विजेचा टी बॅकबोनच्या मध्यावर आणा. अर्धा भार एकीकडे, अर्धा दुसरीकडे, आणि घट ०.३ व्होल्टच्या आत येते.

वेगळ्या कंपनीचं यंत्र आणलं आणि केबलचं तोंड जुळलं नाही तर घाबरू नका. काही कंपन्यांची तोंडं वेगळ्या आकाराची असतात, आतला व्यवहार तोच असतो. बदलणारी अडॅप्टर केबल मिळते. रडार किंवा दुसरा मोठा प्लॉटर जोडायला लागते ती इथरनेट केबल मात्र निराळी गोष्ट आहे, ती या टी-जोडांत येत नाही.

मीटर हातात घेऊन

तपासणीसाठी एक साधन आधी बनवा. स्क्रूच्या टर्मिनलचा पाच पिनांचा मोकळा कनेक्टर विकत मिळतो. त्याला पाच रंगांच्या वीतभर वायरी जोडा आणि टोकं सोलून ठेवा. मीटरची जाड टोकं कनेक्टरच्या भोकांत घुसवली की भोकं सैल होतात, हा प्लग ते टाळतो. बांधताना क्रमांक पाळा: १ शील्ड, २ लाल, ३ काळी, ४ पांढरी, ५ निळी. पाचवी पिन बरोबर मध्यभागी असते, तिच्यावरून बाकीच्या ओळखता येतात.

वीज बंद ठेवून हा प्लग कुठल्याही टीवर लावा आणि पांढरी-निळीमधला रोध मोजा. ६० ओहम आला पाहिजे. १२० आला तर एक टर्मिनेटर नाही किंवा वाटेत बॅकबोन तुटला आहे. ४० आला तर कुणीतरी तिसरा टर्मिनेटर लावला आहे. काही सेन्सरमध्ये तो आतच असतो. शून्याजवळ आला तर दोन्ही वायरी कुठेतरी चिकटल्या आहेत. ६० दिसल्याशिवाय वीज देऊ नका.

मग यंत्रं न जोडता वीज द्या आणि मागच्या शेवटच्या टीवर लाल-काळी मोजा. बॅटरीएवढाच दाब हवा आणि चिन्ह उलटं नको. मीटरवर वजाचं चिन्ह दिसलं तर लाल-काळी उलटी झाली आहे. यंत्र जोडण्याआधी कळलं तर काही बिघडलेलं नसतं.

आता एकेक यंत्र जोडा आणि प्रत्येक वेळी प्लॉटरच्या उपकरण यादीत त्याचं नाव आलं का बघा. सगळी एकदम जोडून काही आलं नाही तर शोधायला दिवस जातो. सगळी चालू झाल्यावर काळीच्या सापेक्ष पांढरी २.५ व्होल्टच्या किंचित वर आणि निळी किंचित खाली दिसते. यांपैकी एखादी शून्यावर किंवा १२ वर असेल तर पिन वाकलेली आहे.

जीपीएस प्लॉटरमध्येही असतो आणि बाहेरचाही आहे, तेव्हा माहितीचा स्रोत कोणता घ्यायचा ते सेटिंगमध्ये निवडा. नंतर सगळं चालू असताना इंजिनाला सेल मारा आणि पडद्यावरचा व्होल्ट बघत राहा. यंत्रांची बॅटरी वेगळी असेल तर आकडा जवळपास हलत नाही.

इंजिन आणि ट्रान्सड्यूसर

नव्या इंजेक्शनच्या आउटबोर्डमधून फेरे, तापमान आणि इंधनखर्च मिळतो, पण बहुतेक कंपन्यांचा गेटवे लागतो. इंजिनाचा प्लग सारखा दिसला तरी तो सरळ टीमध्ये लावू नका. डिझेल इंजिनांची जे १९३९ ही भाषाही कॅनवरचीच आणि बहुधा त्याच वेगाची असते, तरीही मध्ये गेटवे हवाच. जुन्या कार्ब्युरेटरच्या इंजिनाला साध्या मीटरचे संकेत बदलून देणारा कन्व्हर्टर मिळतो. निदान तापमान तरी पडद्यावर आणा: पाण्यातलं शेवाळ किंवा प्लॅस्टिक कूलिंगच्या तोंडाशी अडकलं की पहिली खूण तीच असते.

ट्रान्सड्यूसर, म्हणजे पाण्यात ध्वनी सोडून खोली मोजणारा सोनारचा सेन्सर, मागच्या फळीवर, इंजिनाच्या पंख्यापासून किमान ३८ सेंटिमीटर दूर. मागून पाहता घड्याळाच्या दिशेने फिरणाऱ्या पंख्याची पाती उजवीकडे खाली जातात आणि तिथे फेस कमी असतो, म्हणून तो उजव्या बाजूला. फायबर बोटीत तळापेक्षा ३ मिलिमीटर खाली, ॲल्युमिनियमच्या बोटीत १० मिलिमीटर. त्याची केबल कापून छोटी करू नका, उरलेली गुंडाळून बांधा. इग्निशनच्या वायरीशेजारून ती नेऊ नका. आधी चिकटपट्टीवर किंवा लाकडी तुकड्यावर बसवून वेगात चालवून बघा. वेग वाढताच खोली गायब झाली तर त्याच्या पोटाखाली बुडबुडे येत आहेत. जागा पक्की झाल्यावरच फळीला भोकं पाडा आणि ती मरीन सीलंटने भरा.

सेटिंगमध्ये पाणी 'गोडं' निवडा. समुद्राच्या पाण्यात ध्वनी थोडा जलद जातो, त्यामुळे खाऱ्या पाण्याचं सेटिंग राहिलं तर खोली सुमारे दोन टक्क्यांनी जास्त दिसू शकते. चूक धोक्याच्या बाजूला आहे. बुडीत झाडांच्या पट्ट्यात यंत्र कधीकधी शेंड्यालाच तळ समजतं, कधी शेंडा सोडून खालचा तळ दाखवतं. तिथे आकड्यावर विसंबू नका, सोनारचं चित्र बघा.

खोलीचं रूपांतर तळाच्या उंचीत

फुगवट्यात खोलीचा आकडा त्या दिवसापुरता खरा असतो. कायम उपयोगी पडते ती तळाची समुद्रसपाटीपासूनची उंची, आणि ती काढणं सोपं आहे: जलाशयाची त्या दिवसाची पातळी वजा खोली. पातळी १३५.० मीटर आणि खोली ६.२ मीटर असेल तर तळ १२८.८ वर. ती खूण प्लॉटरमध्ये '१२९' नावाने ठेवा. अपूर्णांक सोडून '१२८' लिहिलं तर नावात माथा कमी उंच दिसतो, म्हणून अशा खुणा वर गोल करून लिहिणं जास्त सुरक्षित. पुढे पातळी १३१ वर आली की पडद्याकडे पाहताच कळतं, तिथे दोनच मीटर पाणी आहे.

हे जमायला खोली पाण्याच्या पृष्ठभागापासून मोजलेली हवी. ट्रान्सड्यूसर पाण्याखाली ३० सेंटिमीटर असेल तर सेटिंगमध्ये ऑफसेट (खोलीत मिळवायचा फरक) अधिक ०.३ द्या. पडताळा घ्यायला तीन-चार मीटर पाण्यात बोट स्थिर करून दोरीला वजन बांधून सोडा आणि आकडा जुळवा. काही प्लॉटर चालता चालता खोलीच्या रेषा स्वतः काढतात. ती नोंद सुरू करा, पण पातळी वेगळी असलेल्या दिवसांच्या नोंदी एकत्र मिसळू देऊ नका. महिन्यातून एकदा सगळ्या खुणा आणि वाटा मेमरी कार्डवर उतरवा.

बिघाड शोधताना

सगळी माहिती एकदम गेली तर वीज, फ्यूज किंवा बॅकबोन. एकाच यंत्राची गेली तर तो ड्रॉप किंवा ते यंत्र. ड्रॉप शेजारच्या चालू यंत्राशी अदलाबदल करून बघा.

माहिती येते-जाते अशी लपंडावाची तक्रार असेल तर बॅकबोन मध्यावर सोडा, पुढच्या अर्ध्याच्या उघड्या तोंडाला जास्तीचा टर्मिनेटर लावा आणि तेवढंच चालवा. ठीक चाललं तर दोष मागच्या अर्ध्यात. त्यानंतर एकेक नट हलवून बघत गेलं की जागा सापडते.

सोनारच्या चित्रात उभ्या रेघा येत असतील तर इंजिन बंद करून बघा. गेल्या तर इग्निशन. राहिल्या तर दिवे, चार्जर आणि सोलर कंट्रोलर एकेक करून बंद करा. स्वस्तातला सोलर कंट्रोलर किंवा एलईडी दिवा बऱ्याचदा कारण ठरतो. पंप किंवा दिवे लावताच दिशा फिरत असेल तर त्या वायरी दिशेच्या सेन्सरजवळून गेल्या आहेत. सेन्सर स्पीकर, लोखंड आणि जाड वायरींपासून मीटरभर दूर न्या आणि मोकळ्या पाण्यात बोट सावकाश गोल फिरवून त्याचं कॅलिब्रेशन पुन्हा करा.

सकाळी चालतं आणि दुपारी बंद पडतं, ही उन्हाळ्यातली तक्रार. मे महिन्यात जळगाव-भुसावळकडे पारा ४५ अंशांच्या पुढे जातो. उन्हातल्या काळ्या पडद्याचं तापमान त्याहून बरंच वर असतं आणि बहुतेक प्लॉटरची मर्यादा ५०-५५ अंशांची असते. बोट उभी असताना पांढरं झाकण घाला, पडद्यामागे चार बोटं मोकळी जागा ठेवा, ब्राइटनेस गरजेपुरता ठेवा. लिथियम बॅटरीचं संरक्षण सर्किट साधारण ६० अंशांवर पुरवठा तोडतं. तिची पेटी इंजिनाच्या बाजूला आणि उन्हात असेल तर दुपारी सगळंच एकदम बंद पडेल.

बोट काठावर ओढून ठेवाल तेव्हा रिकाम्या टी-तोंडांवर टोप्या लावा. कुंभारीण माशी अशा भोकात दोन दिवसांत मातीचं घर बांधते. ती माती ओली झाली की पिनांमधून वीज झिरपते आणि पिना हिरव्या पडतात. उंदीर केबल कुरतडतात, म्हणून पेटीत जाणाऱ्या वायरींची भोकं रबरी ग्रोमेटने घट्ट बंद करा. बॅटरी काढून घरी न्या आणि लेड-ॲसिड असेल तर महिन्यातून एकदा पूर्ण चार्ज करा. विश्रांतीनंतर १२.७ व्होल्ट म्हणजे भरलेली, १२.२ म्हणजे निम्मी.

बोटीवर झाकणाच्या डब्यात कायम ठेवायचं सामान: प्रत्येक मापाचे तीन-तीन फ्यूज, एक टी, टर्मिनेटरची एक जोडी, दोन मीटरचा एक ड्रॉप, काही लग आणि हीट श्रिंक, क्रिंपिंग टूल, पाच वायरींचा तो तपासणी प्लग, मल्टिमीटर आणि एलईएनच्या बेरजेसह काढलेला सुरुवातीचा आराखडा. मल्टिमीटरची स्वतःची बॅटरीही एक जास्तीची ठेवा, ती उतरली की मीटर चुकीचे आकडे दाखवतो.